सोन्याचे कूळ, हिऱ्याचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. दागिन्यांच्या बाबतीत आपण हा नियम जरा अधिकच निष्ठेने पाळत आलो आहोत. लग्नसराई जवळ आली किंवा गुरुपुष्यामृताचा योग साधायचा असला, की सराफाच्या पेढीवर दोन-दोन तास खर्च होतात. भावाची चौकशी होते, घडणावळीवर घासाघीस होते, मोड घालताना तूट किती धरणार हेही बारकाईने विचारले जाते. मात्र हे सोने कोणत्या खाणीतून निघाले, ते काढताना कोणाच्या नदीत काय मिसळले, हा खडा कोणी घासला आणि घासताना त्याच्या छातीत किती धूळ गेली, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सराफालाही त्यांची सवय नाही. त्यामुळे उत्तर ठाऊक नसणे हीच या व्यवसायाची रीत होऊन बसली आहे.

भाजी सेंद्रिय आहे का, साडीचा रंग नैसर्गिक आहे का, याची चौकशी आता शहरांतून सर्रास होते. तीच जागरूकता दागिन्यांच्या बाबतीत दाखवायची असेल तर नेमके काय पाहावे, कोणत्या शिक्क्याचा अर्थ काय आणि कोणत्या दाव्यावर किती विश्वास ठेवावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे. सोने घेऊच नये, असा उपदेश करण्याचा येथे हेतू नाही. स्त्रीधन म्हणून सोन्याने असंख्य घरांतील बायकांना अडीअडचणीत हात दिला आहे, आणि तो आधार हलक्या शब्दांत उडवून लावण्यासारखा नाही. प्रश्न आहे तो निवडीचा.

एका मंगळसूत्रामागचा डोंगर

सोने पृथ्वीच्या कवचात अतिशय विरळ असते. आजच्या अनेक मोठ्या उघड्या खाणींत एक टन खनिजामागे एक ग्रॅमच्या आसपास सोने मिळते. हा हिशेब धरला तर २२ कॅरेटच्या दहा ग्रॅमच्या मंगळसूत्रासाठी सुमारे नऊ टन, म्हणजे जवळजवळ एक मालमोटार भरून, खनिज दळावे लागते. खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी बाजूला सारावा लागणारा दगड यात धरलेलाच नाही. दळलेल्या भुकटीतून सोने वेगळे करण्यासाठी बहुतेक मोठ्या खाणींत सायनाइडचे द्रावण वापरतात. सोने निघून गेल्यावर उरणारा गाळ धरणासारख्या बांधामागे साठवला जातो, आणि तो बांध पुढे अनेक पिढ्या सांभाळावा लागतो.

तो न सांभाळल्यास काय होते, याचे उदाहरण ३० जानेवारी २००० रोजी रुमानियातील बाया मारे येथे घडले. जुन्या खाणींच्या गाळातून उरलेसुरले सोने काढणाऱ्या प्रकल्पाचा बांध फुटला आणि सायनाइडयुक्त असे सुमारे एक लाख घनमीटर पाणी सोमेश नदीत, तेथून तिसा आणि पुढे डॅन्यूब नदीत गेले. एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. खाण एका देशातली, नुकसान दुसऱ्या देशाचे आणि सोने कदाचित तिसऱ्याच देशातील कोणाच्या बोटात, असा हा व्यवहार आहे.

आपल्या शेजारचे उदाहरण कर्नाटकातील कोलारचे. १८८० च्या सुमारास तेथे आधुनिक पद्धतीने खाणकाम सुरू झाले आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी ते बंद झाले. आरंभीच्या काळात तेथे टनामागे ४० ग्रॅमहून अधिक सोने मिळत असे. अखेरच्या वर्षांत हे प्रमाण तीन ग्रॅमच्या आसपास उतरले. सोने कमी होत गेले, तसा दगड वाढत गेला. खाण जमिनीखाली तीन किलोमीटरहून खोल गेली आणि वर भुकटीचे राखाडी डोंगर उभे राहिले. तीन कोटी टनांहून अधिक वजनाचे हे ‘सायनाइड डोंगर’ आजही तेथे आहेत. वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीवर येते. तेथून निघालेले सोने मात्र केव्हाच आटवले जाऊन नव्या दागिन्यांत मिसळून गेले आहे.

पाऱ्याची नदी

मोठ्या खाणींखेरीज सोन्याचा आणखी एक स्रोत आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आग्नेय आशियातील नदीकाठांवर हातापायाच्या बळावर सोने शोधणाऱ्या लोकांची संख्या एक ते दोन कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे. जगात नव्याने निघणाऱ्या सोन्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्या हातून येतो. त्यांची पद्धत सोपी आणि घातक आहे. सोने असलेल्या वाळूत पारा मिसळला की तो सोन्याचे कण कवटाळून घेतो. मग तो गोळा तव्यावर किंवा उघड्या भांड्यात तापवला की पारा उडून जातो आणि सोने उरते. उडालेला पारा तापवणाऱ्याच्या आणि घरातल्या मुलांच्या श्वासात जातो, उरलेला पाण्यात उतरतो, माशांत साठतो आणि मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेवर आघात करतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालानुसार माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा केवळ या छोट्या सोनेउत्खननातून येतो. कोळसा जाळण्याचा क्रमांक त्यानंतर लागतो. पेरूमधील माद्रे दे दिओस या अरण्यप्रदेशात पाऱ्याच्या प्रदूषणामुळे मे २०१६ मध्ये सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. घानामध्ये ‘गलामसे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेकायदा उत्खननाने नद्या गढूळ झाल्या आहेत.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. भारतातील खाणींतून वर्षाकाठी निघणारे सोने दोन टनांच्या आतबाहेर आहे, तर देशाची वार्षिक मागणी २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत सातशे टनांहून अधिक होती. म्हणजे आपल्या पेढ्यांवरील जवळजवळ सारे नवे सोने आयात झालेले असते. शुद्ध लगडींखेरीज ‘डोरे’ या नावाने ओळखले जाणारे अर्धशुद्ध सोनेही येते आणि ते येथील शुद्धीकरण कारखान्यांत शुद्ध केले जाते. ते पाठवणाऱ्या देशांत पेरू, घाना आणि बोलिव्हिया यांचा समावेश आहे.

पाऱ्याला आवर घालण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि तो १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. मात्र या छोट्या खाणकामगारांवर सरसकट बहिष्कार घालणे हा उपाय नव्हे. त्यांच्यापाशी उपजीविकेचे दुसरे साधन बहुधा नसते, आणि बहिष्काराने ते अधिकच चोरट्या दलालांच्या हाती जातात. म्हणूनच सुरक्षित पद्धती अवलंबणाऱ्या खाणसंस्थांच्या सोन्याला ‘फेअरट्रेड’ आणि ‘फेअरमाइन्ड’ असे प्रमाणपत्र देऊन त्यांना चांगला भाव मिळवून देण्याची पद्धत गेल्या दीड-दोन दशकांत रूढ होऊ लागली. भारतीय पेढ्यांवर हे शिक्के क्वचितच दिसतात; परंतु ग्राहकाने विचारल्याखेरीज ते दिसू लागणारही नाहीत.

किंबर्लेचा दाखला आणि त्याची मर्यादा

हिऱ्याच्या बाबतीत जगाला जाग आली ती यादवी युद्धांमुळे. अंगोला आणि सिएरा लिओन या देशांतील बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रे घेतली आणि ‘रक्तरंजित हिरे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातून १ जानेवारी २००३ पासून ‘किंबर्ले प्रक्रिया’ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र योजना सुरू झाली. कच्च्या हिऱ्यांची प्रत्येक पेटी मोहोरबंद आणि शासकीय दाखल्यासहच सीमा ओलांडेल, असा तिचा नियम आहे. यादवीच्या पैशावर या योजनेने बराच लगाम घातला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण तिची व्याख्या अरुंद आहे. कायदेशीर सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारे कच्चे हिरे, एवढ्यांनाच ती ‘संघर्षाचे हिरे’ मानते. अत्याचार सरकारच्याच सैन्याने केले तर काय, हा प्रश्न झिंबाब्वेतील मरांगे येथे उभा राहिला. २००८ मध्ये तेथील हिराक्षेत्रातून खाणकामगारांना हुसकावण्यासाठी लष्कर उतरवण्यात आले आणि दोनशेहून अधिक माणसे मारली गेल्याचे ‘ह्युमन राइट्स वॉच’ने आपल्या अहवालात नोंदवले. तरीही २०११ मध्ये तेथील हिऱ्यांच्या निर्यातीला परवानगी मिळाली. ही योजना उभारण्यासाठी झटलेली ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्यातून बाहेर पडली. दुसरी मर्यादा अशी, की हा दाखला कच्च्या हिऱ्यांच्या पेटीला असतो. पैलू पाडलेला एकेक हिरा ग्राहकाच्या हाती येतो तेव्हा त्याच्यासोबत दाखला नसतो. असते ते विक्रेत्याने बिलावर छापलेले हमीचे वाक्य. तेवढे तरी बिलावर आहे का, हे पाहणे ग्राहकाच्या हाती आहे.

हिऱ्याचे मूळ शोधणे अशक्य आहे, असे व्यापारी वर्षानुवर्षे सांगत आले. परंतु युक्रेन युद्धानंतर ‘जी-७’ राष्ट्रांनी २०२४ मध्ये रशियन हिऱ्यांवर निर्बंध घातले, तेव्हा सुरतेत पैलू पाडलेल्या हिऱ्यांचेही मूळ सांगण्याची वेळ आली आणि त्यासाठी यंत्रणा उभी करण्याची धावपळ सुरू झाली. खरेदीदाराने आग्रह धरला तर मूळ शोधता येते, हाच याचा अर्थ.

खाणीचा प्रश्न आपल्या अंगणातही आहे. मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्यात बक्सवाहा येथे तीन कोटी कॅरेटहून अधिक हिरे असल्याचा अंदाज आहे. ते काढण्यासाठी सुमारे ३८२ हेक्टर वनक्षेत्र आणि दोन लाखांहून अधिक झाडे जाणार होती. स्थानिकांनी आणि पर्यावरणप्रेमींनी विरोध केला, प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. त्या परिसरातील प्राचीन शैलचित्रांचाही मुद्दा पुढे आला आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने खाणकामाला स्थगिती दिली. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या बुंदेलखंडात जंगल मोलाचे की हिरे, या प्रश्नाचे उत्तर हिरा घेणाऱ्यालाही शेवटी द्यावे लागते.

प्रयोगशाळेतला हिरा कितपत निर्मळ?

या पार्श्वभूमीवर प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याकडे अनेकांचे लक्ष गेले आहे. त्याच्याविषयीचे दोन गैरसमज आधी दूर करायला हवेत. हा हिरा नकली नसतो. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकले जाणारे खडे झिर्कोनियाचे असतात. प्रयोगशाळेतला हिरा मात्र खाणीतल्या हिऱ्याप्रमाणेच शुद्ध कार्बनचा स्फटिक असतो. तो दोन प्रकारे घडवतात. एका पद्धतीत कार्बनवर वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि १,३०० अंश सेल्सियसहून अधिक तापमान देऊन पृथ्वीच्या पोटातील परिस्थिती निर्माण करतात. दुसऱ्या पद्धतीत हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजन वायूंच्या तप्त झोतातून कार्बनचे थरावर थर चढवतात. भारतात मुख्यतः ही दुसरी पद्धत वापरली जाते आणि सुरत हे तिचे मोठे केंद्र आहे.

दुसरा गैरसमज असा, की खाण नाही म्हणजे पर्यावरणाची हानी नाही. ही यंत्रे अनेक दिवस, कित्येकदा आठवडे अखंड चालतात आणि भरपूर वीज खातात. ती वीज कोळशाची असेल, तर जंगल वाचले तरी धूर वाढला, असा हिशेब होतो. भारतातील विजेचा मोठा वाटा आजही कोळशातूनच येतो. काही कारखान्यांनी सौर आणि पवनऊर्जेची सोय केली आहे, ही स्वागतार्ह बाब आहे. म्हणून ‘पर्यावरणपूरक हिरा’ असा फलक दिसला, तर वीज कोणती हा पहिला प्रश्न विचारावा. नुसत्या हिरव्या पानाच्या चित्राला काही अर्थ नाही.

पैशाचा हिशेबही ध्यानात ठेवावा. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेतील हिऱ्यांचे भाव झपाट्याने घसरले आहेत आणि परत विकायला गेल्यास फारसे काही हाती येत नाही. हौसेसाठी तो उत्तम. गुंतवणूक म्हणून कोणी गळ्यात मारीत असेल तर सावध असावे. याच घसरणीचा आणि निर्यातीतील मंदीचा फटका सुरतेच्या रत्नकलाकारांनाही बसला आहे. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी नऊ ज्या शहरात पैलू घेतात, तेथील कारागिरांना तुकड्यावर मजुरी मिळते आणि काम थांबले की मिळकत थांबते. हिरा खाणीतला असो वा प्रयोगशाळेतला, हात त्यांचेच असतात.

कारागिराचा श्वास

दागिन्याची नैतिकता खाणीपाशी संपत नाही. गुजरातेतील खंभात हे अकीक घासण्याचे प्राचीन केंद्र आहे. तेथील मणी माळांत, अंगठ्यांत आणि फॅशनच्या दागिन्यांत देशोदेशी जातात. अकीक म्हणजे सिलिका. कोरड्या चाकावर तो घासला की त्याची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांच्या तपासण्या केल्या आहेत. यातील बरेचसे काम घरोघरी चालते. म्हणून कारखान्यांचा कायदा तेथे पोहोचत नाही आणि घासणाऱ्याबरोबर घरातील बायकामुलेही तीच हवा घेतात. धूळ खेचून घेणारी यंत्रणा आणि पाण्याचा वापर यांनी हा धोका पुष्कळ कमी होतो. पण त्याचा खर्च मण्याच्या किमतीत धरायला व्यापारी राजी नसतो.

सोनारकामातही असेच एक विष बराच काळ वापरात होते. ‘केडीएम’ हे शुद्धतेचे चिन्ह आहे, असे अजूनही अनेकांना वाटते. वास्तविक केडीएम म्हणजे कॅडमियम मिसळलेला डाक. पूर्वीच्या तांब्याच्या डाकामुळे दागिना आटवताना तूट अधिक येई; कॅडमियममुळे ती कमी झाली, म्हणून ग्राहक खूश झाला. मात्र सोने वितळण्याच्या पुष्कळ आधीच कॅडमियमची वाफ होते आणि ती फुंकणीवर बसलेल्या कारागिराच्या छातीत जाते. कॅडमियम कर्करोगकारक असल्याचे जागतिक पातळीवर मान्य झालेले आहे. आता त्याऐवजी जस्त आदी धातूंचे डाक उपलब्ध आहेत. ‘आमच्याकडे केडीएम मिळते’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर ती जाहिरात समजू नये, इशारा समजावा.

पोवळे, वाघनख आणि कचकडे

रत्नांच्या कपाटात जिवंत सृष्टीतून आलेल्या वस्तूही असतात. कुंडलीतील मंगळासाठी घातले जाणारे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील तांबड्या प्रवाळाचे असते. त्याची फांदी वर्षाला मिलिमीटरचा अंशमात्रच जाड होते. अंगठीतल्या एका खड्याएवढी जाडी यायला काही दशके जातात, तोडायला क्षण पुरतो. भारताच्या समुद्रातील खडक-प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. त्यांची विक्री हा गुन्हा आहे. पर्यटनस्थळी स्वस्तात मिळणारी ‘अस्सल समुद्री’ माळ घेण्यापूर्वी हे आठवावे.

हस्तिदंताच्या बांगड्या, कासवाच्या पाठीचे खरे कचकडे आणि मराठी घरांतून पूर्वी मुलांच्या गळ्यात हमखास दिसणारे सोन्यात मढवलेले वाघनख यांचेही तेच. वाघनख खरे असेल तर त्याची खरेदी-विक्री निषिद्ध आहे आणि वारशाने आलेले असले तरी ते बाळगण्यासाठी वन विभागाचे स्वामित्व प्रमाणपत्र लागते. बाजारात मिळणारे बरेचसे वाघनख नकली असते. पण नकलीची हौसही खऱ्याची मागणी जिवंत ठेवते.

मोत्याची कथा तुलनेने सुखद आहे. एके काळी पर्शियन आखातातील पाणबुडे कर्जात बुडून, जीव धोक्यात घालून मोती काढत आणि त्या ‘बसरा’ मोत्यांची मोठी पेठ मुंबईत होती. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढवण्यात यश मिळवले आणि हे चित्र पालटले. शिंपला निरोगी राहण्यासाठी स्वच्छ पाणी लागते, त्यामुळे चांगली मोतीशेती करणाऱ्याला पाणी राखावेच लागते. नथीसाठी संवर्धित मोती निवडण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

हॉलमार्क काय सांगतो?

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय असे दागिने विकता येत नाहीत. दागिन्यावर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटसाठी ९१६, १८ साठी ७५०) आणि हा क्रमांक, असे तीन ठसे असतात. संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर क्रमांक घातला की दागिन्याची नोंद पाहता येते. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने तसेच कुंदन, पोलकी आणि जडावाचे काम यांना सवलत आहे.

मात्र हा ठसा सोन्याची शुद्धता सांगतो, त्याचे चारित्र्य सांगत नाही. पाऱ्याने काढलेले सोने आणि जुन्या पाटल्या आटवून आलेले सोने, दोहोंवर ९१६ हाच आकडा उमटतो. मुळाची चौकशी करायची तर लगड कोणत्या शुद्धीकरण कारखान्याची, हे विचारावे लागते. लंडनच्या सराफा बाजार संघटनेने आपल्या मान्यताप्राप्त यादीतील कारखान्यांवर २०१२ पासून जबाबदार खरेदीचे नियम आणि लेखापरीक्षण लादले आहे. भारतातील एमएमटीसी-पॅम्प हा कारखाना त्या यादीत आहे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल’चे सदस्यत्व काही भारतीय व्यावसायिकांनीही घेतले आहे. ही लेखापरीक्षणे निर्दोष नाहीत, त्यांच्यावर टीका होत आली आहे. तरी काहीच नसण्यापेक्षा हा आधार बरा.

जुने ते खरेच सोने

साऱ्या पर्यायांत सर्वांत कमी हानीचा पर्याय आपल्याच तिजोरीत आहे. भारतीय घरांत मिळून सुमारे २५,००० टन सोने असावे, असा अंदाज जागतिक सुवर्ण परिषदेने वर्तवला आहे. सोने गंजत नाही, झिजते तेही किंचित, आणि कितीही वेळा आटवले तरी त्याचा कस जात नाही. आजीची तुटलेली बोरमाळ, एकच उरलेली कुडी, कोणी न घालणारे गोठ यांतून नवा दागिना घडवला, तर कोणत्याही डोंगराला हात लागत नाही. शक्य असेल तेथे आटवण्याआधी दुरुस्तीचा विचार करावा. ठुशी नव्याने गाठवून घेणे, पाटलीचा मोचा काढणे, जुन्या खड्यांना नवे कोंदण करणे, ही कामे करणारे कारागीर पुण्या-मुंबईत, कोल्हापूरच्या गुजरीत आणि जळगावात आजही आहेत. अशा कामात घडणावळीचा पैसा थेट कारागिराच्या हाती जाण्याची शक्यताही अधिक असते.

सोने वाया जाऊ न देण्याची आपली परंपरा जुनीच आहे. सोनाराच्या दुकानातील राखमाती धुऊन त्यातील सोन्याचे कण वेचणारे झारेकरी हे त्या परंपरेचेच वारस. तोच विचार जपानने मोठ्या प्रमाणावर अमलात आणला. तोक्यो ऑलिंपिकच्या पदकांसाठी २०१७ ते २०१९ या काळात लोकांकडून जुने मोबाइल आणि इतर उपकरणे गोळा करण्यात आली आणि त्यांतून सुमारे ३२ किलो सोने व ३,५०० किलो चांदी मिळाली.

मात्र ‘पुनर्वापराचे सोने’ या शब्दांनाही आता जाहिरातीचे मोल आले आहे. काही ठिकाणी खाणीतून निघालेले सोने ओबडधोबड बांगड्यांत ओतून ‘जुने’ म्हणून विकण्याचा उद्योग चालतो. म्हणून पेढीवाल्याने हा दावा केला, तर ते सोने त्याने कोठून घेतले याचा लेखी पुरावा मागावा. आपलेच सोने आटवून घेताना वजन आणि शुद्धता आपल्यासमोर तपासून घ्यावी. मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात ग्राहकाला स्वतःचा दागिना माफक शुल्कात तपासून मिळतो.

पेढीवर विचारायचे प्रश्न

खरेदीला निघताना पुढील गोष्टी टिपून न्याव्यात.

१. सोन्याची लगड कोणत्या शुद्धीकरण कारखान्याची आहे? त्या कारखान्याला जबाबदार खरेदीची मान्यता आहे का?

२. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे बिलावर स्पष्ट लिहून मिळेल का? खाणीतला असेल तर देश कोणता, प्रयोगशाळेतला असेल तर वीज कोणती?

३. ‘संघर्षमुक्त’ हे शब्द किंबर्लेच्या व्याख्येपुरतेच आहेत, की त्यापलीकडे पेढीचे स्वतःचे काही नियम आहेत?

४. दागिना कोठे घडवला? कारागिराच्या जागी धूर आणि धूळ बाहेर टाकण्याची सोय आहे का? डाक कोणता वापरला?

५. दागिना पुढे दुरुस्त करता येईल का? मोडीच्या वेळी घट किती धरणार, हे बिलावर नोंदवाल का?

यातल्या निम्म्या प्रश्नांना आज उत्तर मिळणार नाही. काही ठिकाणी विचारणाऱ्याकडे विचित्र नजरेने पाहिलेही जाईल. हॉलमार्कचेही असेच झाले होते. २००० मध्ये ती योजना ऐच्छिक म्हणून सुरू झाली, तेव्हा ‘आमच्या पेढीच्या शब्दावर विश्वास नाही का’ असे सुनावणारे सराफ होते. ग्राहक विचारत राहिले, ग्राहक संघटनांनी पाठपुरावा केला आणि दोन दशकांनी तो कायदा झाला. आज ठसा नसलेला दागिना कोणी सहसा हाती घेत नाही.

सोनारानेच कान टोचावे लागतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. दागिन्यांच्या या बाजारात मात्र सोनाराचे कान टोचण्याचे काम आता गिऱ्हाइकाने करायचे आहे. त्यासाठी आंदोलनाची गरज नाही. पुढच्या मुहूर्ताला पेढीवर बसल्यावर भाव विचारून झाला, की ‘हे आले कोठून?’ एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. शंभर गिऱ्हाइकांनी तो विचारला, तर एकशे एकाव्यासाठी सराफ उत्तर तयार ठेवील.